फोनला दिसतं, लॅपटॉपला दिसत नाही : घरच्या वायफायचे अठरा दिवस

९ जून २०२४, रविवार. रात्री साडेनऊला लाईट आली, मी लॅपटॉप उघडला, तर वायफायच्या यादीत सगळे होते, फक्त आम्ही नव्हतो. वरच्या मजल्यावरचं होतं, रस्त्यापलीकडच्या मेडिकलचं होतं, कुणाच्या तरी प्रिंटरचंही होतं. आमच्या वायफायचं नाव मी 'ओसरी' ठेवलंय. ओसरीचा पत्ता नाही. आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत सासूबाई फोनवर कीर्तन ऐकत बसल्या होत्या, त्याच ओसरीवरून.

मी चिपळूणला राहते आणि घरी बसून बारा दुकानांचे हिशेब लिहिते. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-वन (आर-वन), २० तारखेला थ्रीबी, ही दोन जीएसटीची विवरणपत्रं भरायची. या दोन तारखांच्या मधे जगाने काय वाटेल ते करावं, पण त्या दोन तारखांना माझं नेट चालू हवं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी कॉम्प्युटरवाली नाही. टॅली येतं, एक्सेल येतं, पोर्टल येतं, बस. त्या अठरा दिवसांत माझ्यासारख्याच कुणीतरी मराठीत हे लिहून ठेवलेलं मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं बऱ्याचदा वाटलं.

थोडं मागचं. आधीचा लॅपटॉप २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला. वाशिष्ठीचं पाणी घरात छातीपर्यंत होतं, कपाटाच्या खालच्या कप्प्यातला लॅपटॉप वाचायचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर अमेरिकेतल्या भाचीने तिचा जुना लॅपटॉप कुणाबरोबर तरी पाठवला. दहा वर्षांचा, जाड, जड, पण टॅलीला भरपूर. हा 'अमेरिकेतून आला' मुद्दा लक्षात ठेवा. मी ठेवला नाही, म्हणून अठरा दिवस लागले.

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि जुना राउटर जळाला. ६ जूनला केबलवाल्याचा माणूस नवीन बसवून गेला. पुरानंतर आमच्याकडे विजेचं सगळं उंचावर असतं, त्यामुळे हा राउटरही बाहेरच्या खोलीत, दरवाजाच्या चौकटीच्या वर. तीन दिवस छान चालला. मग ९ तारखेची ती संध्याकाळ. चार वाजता वारा सुटला, लाईट गेली, ती साडेनऊला आली.

पहिल्या रात्री जे सगळे करतात तेच मी केलं. लॅपटॉप बंद-चालू. विमानाच्या चित्राचं बटण चुकून दाबलं गेलंय का ते पाहिलं. 'ओसरी' जुन्या यादीतून काढून टाकलं, की नव्याने पासवर्ड मागेल. आता काढून टाकलं म्हणजे तेही गेलं, आणि नव्याने दिसेना म्हणजे पासवर्ड टाकायचा कुठे? नाव हाताने टाकून जोडायची सोय असते, तीही केली. 'या नेटवर्कशी जोडता येत नाही.' माझा फोन हॉटस्पॉटवर टाकला, तर लॅपटॉप दोन सेकंदांत जोडला. म्हणजे लॅपटॉपचं वायफाय चालू. सासूबाईंचा फोन ओसरीवर, म्हणजे राउटर चालू. दोन्ही बाजू बरोबर आणि ताळेबंद जुळत नाही.

१० तारखेला सकाळी कस्टमर केअरला फोन केला. एक दाबा, तीन दाबा, मग गाणं, मग बावीस मिनिटांनी एक मुलगी. तिने विचारलं, "मॅम, फोनवर नेट चालतंय का?" चालतंय म्हटल्यावर तिच्या बाजूने विषय संपला. "आपल्याकडून सिग्नल बरोबर आहे मॅम, आपल्या डिव्हाइसचा इश्यू आहे." मी तक्रार नोंदवायला सांगितली आणि नंबर मागून घेतला. हे नक्की करा. त्याला डॉकेट नंबर म्हणतात, तो मेसेजने येतो आणि पुढच्या प्रत्येक फोनवर तोच लागतो. तक्रारीचं समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला फी नसते, पण तिथेही हा नंबर लागतोच. मला तिथवर जावं लागलं नाही, पण नंबर वहीत लिहिलेला असला की फोनवर बोलताना आवाज आपोआप जरा खाली येतो.

११ तारखेचे आर-वन हॉटस्पॉटवर भरले. एक गोष्ट इथे शिकले ती सांगते. हॉटस्पॉट लावल्यावर लॅपटॉपला ते घरचं वायफाय वाटतं आणि तो मागच्या मागे विंडोजचे अपडेट ओढायला लागतो. सकाळी अकरापर्यंत माझा दिवसाचा दीड जीबी संपला होता आणि भरून झाले होते फक्त चार आर-वन. त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' असं एक बटण असतं, ते आधी चालू करायचं. मग निदान मोठे अपडेट थांबतात. उरलेले आठ डेटा पॅक मारून भरले. काजूवाले काका ओटीपी सांगायला नेहमीसारखे फोन उचलत नव्हते, ते वेगळंच.

१२ तारखेला दुपारी परत लाईट गेली, तासाने आली आणि ओसरी यादीत हजर! मला वाटलं, तक्रारीचा उपयोग झाला. संध्याकाळी मेसेजही आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' कुणी आलं नव्हतं, काही केलं नव्हतं, पण म्हटलं, असेल, मागून काहीतरी करत असतील. १४ तारखेला सकाळी लाईट दहा मिनिटं गेली आणि ओसरी पुन्हा गायब.

त्या दिवशी मी वही काढली. हिशेबाचीच वही, मागच्या पानापासून. तारीख, वेळ, लाईट गेली-आली, लॅपटॉपवर दिसतं का. तेव्हा काही सुचलं होतं म्हणून नव्हे. एक रुपयाचा फरक आला तरी मला झोप लागत नाही आणि फरक शोधायचा तर आधी नोंदी लागतात, एवढंच.

१५ तारखेला शनिवारी लॅपटॉप दुकानात नेला. दुकानदाराने उघडला, त्याचं वायफाय निवडलं, पासवर्ड टाकला, चालू. माझ्याकडे बघून हसला. "मॅडम, काहीच नाहीये." मी म्हटलं, घरी चालत नाही हो. मग त्याने विचार केल्यासारखं करून सांगितलं की लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड वीक झालंय, ड्रायव्हर (म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघू, ठेवून जा. तीन दिवस ठेवला. ५०० रुपये. ड्रायव्हर नवा टाकला, विंडोजमधलं 'नेटवर्क रीसेट' केलं. हे रीसेट करण्याआधी एक ध्यानात घ्या, त्याने आजवर साठवलेली सगळी वायफायं आणि त्यांचे पासवर्ड पुसले जातात. नणंदेच्या घरचा, माहेरचा, सगळे गेले.

१८ तारखेला घरी आणला आणि चालला! मी दुकानदाराला मनातल्या मनात नमस्कार केला. सावधपणा म्हणून भाचीने फोनवर सांगितलेली एक आज्ञा त्या काळ्या खिडकीत टाकून पाहिली आणि जे आलं ते सगळं वहीत उतरवलं. स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधून ती खिडकी उघडते आणि तिथे इंग्रजी लहान अक्षरांत 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' (netsh wlan show interfaces) टाइप करायचं. चौथा शब्द सोडला तर बाकी मंत्रासारखंच वाटतं. त्यात नाव, वेग, सिग्नल किती टक्के, असं बरंच येतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी फक्त नक्कल केली. त्यात एक ओळ होती : चॅनल ६.

१९ ला पहाटे पाऊस, लाईट, आणि पुन्हा तेच. मी रडले, खरंच. दुसऱ्या दिवशी थ्रीबीची शेवटची तारीख आणि पाचशे रुपये पाण्यात.

नवरा लोट्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातो. येताना तो बाजारातून पंधरा मीटरची लॅन केबल घेऊन आला, ४२० रुपये. माझ्या लॅपटॉपला जुन्या पद्धतीचा केबलचा खाचा आहे. एक टोक राउटरमध्ये, एक लॅपटॉपमध्ये, आणि क्षणात नेट सुरू. पासवर्ड नाही, काही नाही. तुमच्याकडे असा खाचा असेल तर पैसे खर्च करण्याआधी हे करून बघाच. केबलवर चालतंय म्हणजे कनेक्शन, राउटर, विंडोजच्या सेटिंग, सगळं बरोबर, गडबड फक्त हवेतल्या त्या दहा फुटांत आहे, हे एका मिनिटात कळतं.

मग केबलच कायमची का नाही ठेवली? राउटर बाहेरच्या खोलीत चौकटीच्या वर, माझं टेबल मागे स्वयंपाकघराला लागून. मधल्या बोळातून केबल जाते. सासूबाई एक्याऐंशीच्या आहेत, वॉकर घेऊन चालतात. मी केबल भिंतीच्या कडेने नेली, वर सतरंजी टाकली, तरी वॉकरचा पुढचा पाय सतरंजीच्या त्या फुगवट्यावर आला की त्या थांबायच्या, वॉकर उचलायच्या, पलीकडे ठेवायच्या, आणि मग पाय. एक शब्द बोलल्या नाहीत. २० तारखेला मी टेबलावरून दिवसभर ते बघत थ्रीबी भरत होते. बारावा संध्याकाळी साडेसहाला गेला. सातला मी केबल गुंडाळून खुंटीला लावली.

२१ तारखेला परत दुकान. त्याने कार्ड गेल्याचं जाहीर केलं आणि यूएसबीला लावायचा एक छोटा वायफायचा डोंगल दिला, ५५० रुपये. घरी येऊन लावला, ओसरी दिसली, जोडली. इथे गोष्ट संपायला हवी होती. नवरा म्हणाला, "झालं ना? मग सोड आता." पण मला सोडवेना. कार्ड गेलं असेल तर दुकानात कसं चालतं? हॉटस्पॉटवर कसं चालतं? वरच्या मजल्यावरचं, मेडिकलचं कसं दिसतं? गेलेलं कार्ड फक्त आमच्याच घरावर रुसतं का? शिवाय तो डोंगल लॅपटॉपच्या बाजूला अंगठ्याएवढा बाहेर यायचा, जरा धक्का लागला की तुटायचं.

वही उघडून बसले. ९ ते २२ जून, लाईट सात वेळा गेली होती. ओसरी दिसायची थांबली किंवा पुन्हा दिसू लागली, ती प्रत्येक वेळी लाईट आल्यानंतरच. मधेच, चालू असताना, कधीही नाही. आणि लाईट गेल्यावर लॅपटॉप तर बॅटरीवर चालूच असतो. बंद होऊन नव्याने चालू होतो तो राउटर. म्हणजे दुकानात नेलेली वस्तूच चुकीची होती. राउटर प्रत्येक वेळी जागा होताना काहीतरी वेगळं करत होता, कधी माझ्या लॅपटॉपला मानवणारं, कधी न मानवणारं.

२३ तारखेला रविवारी वरच्या मजल्यावरच्या मुलाला बोलावलं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या फोनवर आजूबाजूची सगळी वायफायं दाखवणारं एक फुकट ॲप आहे. उघडल्यावर टेकड्यांसारख्या रंगीत कमानी दिसतात, प्रत्येक वायफायची एक. खाली आकडे, १ पासून १३ पर्यंत. बाकी सगळ्या कमानी १, ६ आणि ११ च्या आसपास गर्दी करून, आणि एक हिरवी कमान अगदी उजव्या टोकाला, एकटी. ओसरी. तेरा.

"हे उलट चांगलंय काकू," तो म्हणाला. "तिथे कोणीच नाही, मोकळा चॅनल."

चॅनल म्हटल्यावर मला वहीतली ती नक्कल केलेली ओळ आठवली. १८ तारीख, चालत होतं त्या दिवशी, चॅनल ६. पान काढून त्याला दाखवलं. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, "राउटर बंद करून बघूया का परत?"

डोंगल काढून ठेवला. मग तो स्टुलावर, मी खाली वही घेऊन. बंद करायचा, तीसपर्यंत मोजायचं, चालू करायचा, तीन मिनिटं थांबायचं. पहिल्यांदा १३. लॅपटॉपवर नाही. दुसऱ्यांदा पुन्हा १३, नाही. तिसऱ्यांदा १, आणि लॅपटॉपवर ओसरी टुपकन वर आली. आम्ही दोघं ओरडलो, सासूबाई बाहेरून, "काय गं झालं?" चौथ्यांदा १२, गायब. पाचव्यांदा ६, हजर. सहाव्यांदा करायची गरज नव्हती, पण मी करायला लावलं. १३, गायब.

मग शोधायला काय शोधायचं ते कळलं, आणि उत्तर पंधरा मिनिटांत मिळालं. साध्या वायफायचा जो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा असतो, त्याचे चॅनल पाडलेले असतात. पहिल्याचा मध्य २४१२ मेगाहर्ट्झ, मग पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतराने पुढचे, तेरावा २४७२ वर. आपल्याकडे १ ते १३ सगळे वापरता येतात. अमेरिकेत विकलेली यंत्रं सहसा ११ पर्यंतच जातात. (चौदावाही आहे म्हणे, पण तो फक्त जपानात.) अलीकडची बरीच कार्डं कोणत्या देशात आहेत हे आजूबाजूच्या सिग्नलवरून ओळखून स्वतःला बदलतात. जुन्या कार्डांत देश कारखान्यातच ठरवून टाकलेला असतो. भाचीचा लॅपटॉप न्यू जर्सीच्या दुकानातला, दहा वर्षांपूर्वीचा. त्याला १२ आणि १३ नावाचं काही असतं हेच माहीत नव्हतं.

आमच्या एसटी स्टँडवर तेरा फलाट आहेत असं धरा, आणि तुमच्याकडच्या पाहुण्याला अकरापर्यंतच मोजता येतं. गाडी तेरावर लागली तर तो अकरावर बसून राहील आणि सांगेल, गाडीच नाही.

राउटरची तरी काय चूक? त्याचं सेटिंग 'ऑटो' होतं. जागा झाला की तो कान देऊन ऐकतो, कुठे गर्दी कमी आहे ते बघतो आणि तिथे जाऊन बसतो. आमच्या गल्लीत १, ६, ११ वर सगळे बसलेले, म्हणून तो शहाण्यासारखा कोपऱ्यात जायचा. कधी नाही जायचा, त्या दिवशी माझा लॅपटॉप चालायचा. दुकानदाराच्या ड्रायव्हरने १८ तारखेला काहीही बरं केलेलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी लाईट गेली होती आणि राउटर ६ वर उठला होता, एवढंच. डोंगल इथे घेतलेला, त्याला तेरा दिसत होता. कार्ड धडधाकट होतं.

काही कार्डांच्या सेटिंगमध्ये देश बदलायची सोय असते असंही वाचलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये शोधलं. माझ्यात नव्हती. मग उरला एकच मार्ग, राउटरला सांगायचं की ११ च्या पुढे जाऊ नकोस.

हे ऐकायला सोपं आहे. राउटरच्या खालच्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर १९२.१६८.१.१ असा पत्ता आणि नाव-पासवर्ड. फोन ओसरीवर जोडून ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला, पान उघडलं, पासवर्ड टाकला, 'चुकीचा'. तीनदा चुकीचा, मग एक मिनिट बंद. बसवणाऱ्याने बदलून ठेवला होता.

२४ तारखेला सोमवारी त्याला फोन केला. "वहिनी, पासवर्ड द्यायची परवानगी नाही आम्हाला, कंप्लेंट टाका." म्हणजे पुन्हा एक दाबा, तीन दाबा. या वेळी 'नेट चालत नाही' म्हटलं नाही. म्हटलं, "राउटरचा २.४ चा चॅनल ऑटोवरून काढून एक ते अकरामधला फिक्स करून हवा आहे." मुलीने ते मला परत सांगायला लावलं, टाइप केलं आणि पहिल्यांदाच 'आपल्या डिव्हाइसचा इश्यू' म्हणाली नाही. नवीन डॉकेट नंबर, अठ्ठेचाळीस तास. मंगळवारी कोणी नाही. बुधवारी दुपारी मेसेज, 'तक्रार निकाली काढण्यात आली आहे'. कोणी आलेलं नाही! त्याच मिनिटाला फोन केला, नंबर सांगितला, तक्रार पुन्हा उघडायला लावली. असा मेसेज आला की गप्प बसू नका, लगेच फोन करा. नाहीतर तुम्हाला मान्य आहे असंच धरतात.

गुरुवारी २७ तारखेला साडेअकराला तोच माणूस आला, रेनकोटमधून पाणी गाळत. मी चहा ठेवला आणि वही समोर ठेवली. त्याने पाच मिनिटं पान वाचलं. म्हणाला, "बाजारपेठेत दोन घरांत असंच आहे. लॅपटॉप खराब म्हणून सोडून दिलं आम्ही." त्यांचे लॅपटॉप कुठून आलेत ते त्याला माहीत नव्हतं, विचारतो म्हणाला. मग फोनवरून राउटरच्या पानावर गेला, वायफायच्या सेटिंगमध्ये चॅनलपुढची 'ऑटो'ची यादी उघडली. मी आधीच ॲपमध्ये बघून ठेवलं होतं. १ वर दोन वायफाय, ६ वर तीन, ११ वर एकच, तेही लांबचं. ११ करायला सांगितलं. मधले २, ३, ४ वगैरे कशाला नको, तेही त्यानेच समजावलं. एका चॅनलचा आवाज साधारण वीस मेगाहर्ट्झभर पसरतो आणि चॅनल तर पाच-पाचवर, त्यामुळे मधे बसलं की दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची कटकट ऐकू येते. १, ६, ११ एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

सेव्ह दाबलं. वीस सेकंदं सासूबाईंचं कीर्तन थांबलं, मग सुरू झालं. लॅपटॉपवर ओसरी, यादीत सगळ्यात वर. मी त्याला राउटर बंद-चालू करायला लावलं, दोनदा. दोन्हीदा ११. पैसे विचारले, तर नाही म्हणाला. जाताना दिव्यांचंही सांगून गेला. 'पीओएन'चा हिरवा स्थिर असेल तर फायबर ठीक. 'एलओएस' लाल लागला तर बाहेर कुठेतरी वायर तुटलीय, मग लॅपटॉपशी झटापट करण्यात अर्थ नाही, सरळ फोन करायचा. हे त्याने ६ जूनलाच सांगितलं असतं तर, असं मनात आलं, पण बाहेर धो धो पडत होतं आणि त्याला अजून चार घरं होती.

खर्च मांडते, कारण सवय आहे. दुकान ५००, केबल ४२०, डोंगल ५५०, डेटा पॅक १५०, रिक्षा १६०. एकूण १७८०. यातला ज्या गोष्टीने काम झालं तिचा खर्च शून्य. केबलचे ४२० मी वाया धरत नाही, ती थ्रीबीला कामाला आली.

आता कुणी मला 'नेट चालत नाही' म्हणालं तर मी आधी विचारते, तुमच्या वायफायचं नाव यादीत दिसतच नाही, की दिसतं पण जोडत नाही, की जोडलंय पण पुढे काही उघडत नाही? हे तीन वेगळे आजार आहेत. दुकानात, कस्टमर केअरला, कुणीच मला हे विचारलं नाही. तिसऱ्या प्रकारात त्याच काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाकून बघायचं. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, आणि तो स्वतःच काहीतरी लावून बसलाय. दुसऱ्यात बहुतेक पासवर्ड. पहिल्यात, म्हणजे शेजारपाजारचे दिसतात आणि आपलंच दिसत नाही अशा वेळी, चॅनल बघा. नव्या राउटरवर दोन पट्टे असतात, त्यातला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जुन्या लॅपटॉपला मुळात नसू शकतो, तेही बघा. आमचा राउटर एकाच पट्ट्याचा, म्हणून आमच्याकडे दुसरा दरवाजाच नव्हता.

डोंगल वरच्या मजल्यावरच्या मुलाला देऊन टाकला. भाचीला फोन करून सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "आत्या, मी दिवाळीला येतेय, तुला नवीनच आणते ना." मी म्हटलं, आण, पण लॅपटॉप इथल्या दुकानातला हवा.

वहीतली शेवटची नोंद २ जुलैची आहे. लाईट गेली ४.१०, आली ६.३५, चॅनल ११, दिसतं. त्यानंतर नोंदी करायच्या राहूनच गेल्या. केबल अजून खुंटीला आहे.